श्रावणात सुधारलेली गाडी

माझी गाडी अठरा वर्षांची आहे आणि तिला क्लच नाही. यातली दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने महत्त्वाची, कारण माझा डावा गुडघा वाकत नाही. निवृत्त झाले त्याच वर्षी मी बंदराच्या धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून पडले, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून डावा पाय माझ्याबरोबर नुसता येतो, काम काही करत नाही. उजव्या पायाने ॲक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळायचे आणि गियर गाडीने आपले आपण बदलायचे, असा आमचा करार होता. सात वर्षं तिने तो पाळला आणि गेल्या वैशाखात मोडला.

कसाल सोडून हायवेला लागले होते. दुसऱ्या गियरमधून तिसऱ्यात गाडी गेली, लगेच परत दुसऱ्यात आली, आणि मागून कुणीतरी लाथ घालावी तसा धक्का बसला. पुन्हा तिसरा, पुन्हा दुसरा. मग समोर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी तिसऱ्यातच अडून बसली. नांदगावच्या चढावर ती रडतखडत चालली होती आणि माझ्यामागे ट्रकवाले हॉर्न वाजवून माझा उद्धार करत होते. बाजूला घेतली, चावी बंद केली, पुन्हा लावली. दहा मिनिटं शहाण्यासारखी चालली आणि मग पुन्हा तेच.

कुठे चालले होते ते सांगायला हवं. तळेऱ्याला माझी थोरली बहीण असते. आम्ही तिला बाय म्हणतो. लग्न होऊन ती समुद्र सोडून तिठ्यावरच्या त्या गावात गेली त्याला पन्नासावर वर्षं झाली. यजमान गेले, मुलं मुंबईत, घरात रांधायला एक बाई येते. दोन वर्षांपासून बायचं जेवण सुटत चाललं आहे. डॉक्टर म्हणाले, जे खातील ते द्या. ती खायची फक्त रविवारी, मी मालवणहून मासे घेऊन जायचे, माझ्या हाताने कालवण करायचे आणि समोर बसून वाढायचे तेव्हा. एसटीची पायरी मला चढवत नाही. म्हणजे गाडी बंद पडली की आठवड्यातलं बायचं ते एक जेवणही बंद. माझ्या डोक्यात हिशेब इतका सरळ होता.

पुतण्याचा हिशेब वेगळा. तो शेजारीच राहतो, पर्यटकांना खोल्या देतो आणि वेळ मिळाला की मला सल्ले देतो. "काकी, इकून टाक ती गाडी," तो म्हणाला. "माशे मी मोटरसायकलीन पोचवतंय मां."

"आणि कालवण कोण करणार? तुझी मोटरसायकल?"

तरी दोन रविवार त्याने मासे पोचवले. मी फोनवर बायला विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, "जेवलंय गो, पॉट भरान." मला बरं वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.

आमच्या भागातला मेस्त्री माझा विद्यार्थी. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्याचा हा तोटा असतो. गावातला प्रत्येक जण कधी ना कधी आपल्या हातून नापास झालेला असतो आणि पुढे आपल्याला त्याच्याच दारात जाऊन उभं राहावं लागतं. हा मुळात ट्रॉलरच्या इंजिनांचा मेस्त्री, गाड्या जोडधंदा म्हणून करतो. हात चांगला आहे, पण वाचायचा कंटाळा तेव्हाही होता आणि आताही आहे.

गाडी त्याच्याकडे नेली की तिचं वागणं बघण्यासारखं असे. हेडमास्तर वर्गात आल्यावर मुलं कशी हाताची घडी घालून बसतात, तशी. रविवारी मला धक्के देऊन अर्धमेली करणारी ही बया त्याच्याकडे मंगळवारी, बुधवारी गेली की लोण्यासारखे गियर बदलायची. तो कट्टा गावापर्यंत चालवून आणायचा आणि म्हणायचा, "बाई, गाडी बरी आसा. माका तर कायच दिसना नाय."

"म्हणजे मला स्वप्न पडतंय?"

"तसा न्हय बाई. तापली की करता असात."

एकदा त्याने गियरच्या तेलाची पट्टी बाहेर काढली आणि विजयी चेहऱ्याने दाखवली. तेल खुणेच्या वर होतं. "ह्या बघा. ऑईल जास्ती झाला. म्हणान उसळता." आणि मी काही बोलायच्या आत त्याने जवळजवळ अर्धा लिटर तेल ओढून काढलं. त्या रविवारी गाडी धक्केच काय, उचलायचंसुद्धा विसरली. पाय दाबावा, इंजिनाने आरडाओरडा करावा आणि गाडीने जागच्या जागी विचार करत बसावं. घरी आले आणि गाडीबरोबर मिळालेलं जुनं पुस्तक चष्मा लावून बसून वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की ही पट्टी गाडी तापल्यावर, इंजिन चालू ठेवून बघायची. इंजिन बंद केलं की वर फिरणारं तेल खाली उतरतं आणि पट्टीवर उगाच जास्त दिसतं. पुस्तक घेऊन मी त्याच्याकडे गेले.

"बाई, ट्रॉलराचा आमी बंद करूनच बघतो," तो म्हणाला.

"हा ट्रॉलर आहे का?"

त्याने मान खाली घातली, अगदी नववीतल्यासारखी. तेल पुन्हा भरलं आणि गाडी मूळ रोगावर आली. मग कणकवलीहून कुणाचं तरी तपासणीचं यंत्र आणलं. ते गाडीला जोडलं, तर इंजिनाची माहिती आली आणि गियरच्या जागी 'संपर्क नाही' एवढंच आलं. मेस्त्री म्हणाला यंत्र बिघडलंय. मी म्हटलं असेल. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांमध्ये हे 'असेल' मी वरच्या नंबरवर ठेवीन. दोन सबंध महिने तो निरोप आमच्या समोर पडून होता. शेवटी त्याने हात टेकले. "गियरबॉक्स गेलो, बाई. ह्या जुन्या गाडीचो गियरबॉक्स आता खंय गावतलो?" पुतण्याने लगेच जाहीर केलं की दसऱ्याला गाडी काढायची, घेणारा त्याच्या ओळखीत आहे.

मी एक वही केली. दोनशे पानी, रेघांची. दिवस, रस्ता, पाऊस, ऊन, चढ, उतार, इंजिन किती तापलं, धक्का कुठे बसला. निरीक्षण केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे मी इतक्या मुलांना इतक्या वेळा सांगितलं होतं की आता स्वतः न करायची सोय नव्हती. वही डाव्या सीटच्या पायाशी, माशांच्या पिशवीला टेकवून ठेवायची, धक्का बसला की गाडी बाजूला घ्यायची आणि लिहायचं. ज्येष्ठ-आषाढातले सगळे रविवार लिहिले. मालवणहून निघाल्यावर पहिला अर्धा तास ठीक, कसालनंतर तमाशा सुरू. पाऊस असो नसो, तेच. यातून काही निघेना. पुतण्या वही बघून म्हणाला, "काकी, पेपर तपासतंस काय?"

मग त्याने आपला उपाय काढला. आषाढी अमावास्येला गाडी ग्रामदेवतेच्या देवळासमोर उभी केली आणि गाऱ्हाणं घालायला लावलं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने आधी मला विचारून घेतलं, नेमका त्रास काय? मी सांगितला. त्याने डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घातलेला आसा..." लेकरू म्हणजे मी, वय वर्षं पासष्ट. "ह्या गाडीच्या तिसऱ्या गियराक जी काय इडापीडा लागलेली आसात, ती भायरच्या भायर दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुतण्या, मेस्त्री आणि जमलेले सगळे ओरडले. मी ओठ आवळून उभी होते.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला आणि गाडी बरी झाली.

थट्टा नाही. एक धक्का नाही, पिवळा दिवा नाही. एरवी श्रावणात मी तळेऱ्याला जातच नाही. मासे खायचे नाहीत, तर जाऊन करू काय? पण या वर्षी गेले, ते गाडीची परीक्षा घ्यायला. चारही रविवार गेले. धो धो पावसात गेले, चढावर मुद्दाम थांबवून पुन्हा उचलली, तापेपर्यंत दामटली. गाडी पास. त्या रविवारांना मी बायकडे एकदा काळ्या वाटाण्याचं सांबारं नि घावणे केले, एकदा अळूची भाजी केली, एकदा शेवयांची खीर. बायने घावणा मागून घेतला वाटतं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वहीत गाडीविषयी लिहीत होते, माझं लक्ष नव्हतं.

मालवणात मात्र माझी सोय राहिली नाही. बाजारात गेले की कुणीतरी विचारायचंच, "काय बाई, देवान गियर घातलो मां?" मेस्त्रीने तर गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगायचा सपाटा लावला. त्याचं बरोबर होतं, त्याच्या हातून न झालेलं काम थेट देवाने केलं होतं. मी चिडायचे, पण बोलणार काय? वहीत देवाविरुद्ध एकही नोंद नव्हती. विज्ञानाच्या बाईला गाव हसतंय आणि बाईकडे उत्तर नाही, यासारखी जळजळ नाही.

गणपती झाले. विसर्जनानंतरच्या रविवारी मी बाजारात गेले, तिसरे, म्हणजे खायच्या शिंपल्या, घेतले आणि तळेऱ्याला निघाले. कसालला गाडीने अशी लाथ मारली की माझा चष्मा मांडीवर पडला.

मी गाडी एका आंब्याखाली घेतली आणि रडले. खोटं कशाला बोलू? दसरा तीन आठवड्यांवर आला होता. आता पुतण्या बोलायचा थांबणार नव्हता, आणि त्याच्याशी भांडायला माझ्याकडे मुद्दाही उरला नव्हता. नाक पुसलं आणि सवयीने वही उचलली. उचलली तर हाताला ओली लागली. पान उघडायला गेले तर पानं एकमेकांना चिकटलेली. मी मागे उलटत गेले. ज्येष्ठाची पानं फुगून वाळलेली, त्यांवर पांढुरके डाग, शाई पसरलेली. आषाढाची तशीच. मग एकाएकी श्रावणाची आली, सपाट, कोरडी, इस्त्री केल्यासारखी. आणि आजचं पान पुन्हा भिजलेलं. मी वही नाकाला लावली, तर माशांचा खारा वास.

आमच्याकडे मासा नजरेआड ठेवत नाहीत. एसटीत बसलं की माशांची पिशवी दोन पायांच्या मध्ये, हे आईने शिकवलं. गाडी आली तेव्हा माझ्या पायात पेडल होते, म्हणून पिशवी शेजारच्या सीटच्या पायाशी गेली. सात वर्षं तिथेच जात होती. बर्फ अर्ध्या तासात वितळायला लागतो. त्यात दोन वर्षांपासून बाय म्हणायला लागली होती, बाकीचे मासे नको, तिसरेच आण. आणि तिसरे म्हटले की मी ते समुद्राच्या पाण्यातच न्यायचे, कारण खाऱ्या पाण्यात ठेवले की शिंपल्या तोंड उघडतात आणि आतली रेती सोडतात. घरी पोचेपर्यंत साफ. पिशवीत भलं मोठं पातेलं, वर ताट, आणि हायवेला लागायचं वळण. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! माझ्या वहीत ऊन होतं, पाऊस होता, चढउतार होते. मासे हा रकानाच नव्हता.

कुठून कसं सुचलं कोण जाणे, पण मी तिथूनच मेस्त्रीला फोन लावला. "डाव्या सीटच्या पायाखाली काय असतं रे?"

"कार्पेट."

"कार्पेटच्या खाली?"

"बघूक होया, बाई."

दुसऱ्या दिवशी त्याने ते कार्पेट उचललं. वास असा आला की तो चार पावलं मागे गेला, आणि तो दिवसभर ट्रॉलरवर काम करणारा माणूस आहे. खालचा फोम दाबला तर पाणी आलं. त्या पाण्यात एक पत्र्याचं चपटं खोकं बसलं होतं. गियर कधी बदलायचा हे गियरबॉक्सला सांगणारं खोकं हेच, सगळ्या तारा इथूनच जाणार. तारांचं टोक जिथे खोक्यात घुसतं, तिथल्या पिना हिरव्या पडलेल्या, दोन तर कुजून गेलेल्या. रविवारी खारं पाणी पडायचं, पिना एकमेकींशी नाही ते बोलायच्या, मंगळवारपर्यंत पाणी जरा आटायचं आणि गाडी मेस्त्रीसमोर साळसूद व्हायची. यंत्राने सांगितलं होतं, संपर्क नाही. नव्हताच.

मेस्त्री खोक्याकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, गियरबॉक्स बरो आसा. तुमी समुद्र ओतलास तेच्यात."

नापास विद्यार्थ्याकडून हे ऐकून घ्यावं लागतं. घेतलं. त्याने खोकं सोडवलं, साफ केलं, कुजलेल्या पिनांच्या जागी नव्या घातल्या, कार्पेट आणि फोम चार दिवस कडक उन्हात वाळवला, आणि खोकं पायाखालून काढून वर, कोरड्या जागी बांधून दिलं. मन लावून केलं सगळं. मी त्याला तसं सांगितलंही. पुतण्याला म्हटलं, तुझ्या ओळखीच्या माणसाला कळव, गाडी विकायची नाही. तो म्हणाला, "म्हणजे देवान श्रावणात नुसती माशांपासून सुटका केल्यान!" मी त्याच्या नादी लागले नाही.

पुढच्या रविवारी झाकणाचा घट्ट डबा आणला, त्यात तिसरे, पाण्याशिवाय, आणि डबा डिकीत. मालवण ते तळेरे गियर कधी पडले ते मला कळलंसुद्धा नाही. मी गाणं म्हणत गेले. पोचल्यावर तिसरे पुन्हा पुन्हा धुतले, सुकं केलं, भात लावला, सोलकढी केली आणि बायसमोर ताट ठेवून ऐटीत सगळी हकिगत सांगायला बसले. गाऱ्हाणं सांगितलं, वही सांगितली, कार्पेट सांगितलं. ती हसत होती, सोलकढीभात खात होती. ताटातल्या तिसऱ्यांना मात्र तिने हात लावला नव्हता.

"खा ना," मी म्हटलं. "एवढा उपद्व्याप केला तो कशासाठी?"

तिने एक शिंपली इकडची तिकडे केली.

"बाय?"

"माका मासो घशाखाली जायना नाय गो आता," ती म्हणाली. "दोन वर्सा झाली. माशाचो काटो तोंडात कळनाच नाय, भय वाटता. म्हणान तुका तिसरे सांगलंय. आता तेव चावूक जमणत नाय."

"मग इतके दिवस खात होतीस ते?"

"तू समोर बसतंस मां. गिळतंय कसा तरी."

"आणि पुतण्याने आणून दिलेले?"

"ते रांधपिणीक दिलंय. तिच्या पोराक आवडतत."

मला संताप आला. खोटं जेवण, खोटा फोन, सगळा वैशाख ते भाद्रपद. त्या तिसऱ्यांपायी माझी गाडी कुजली, गावात हसं झालं, मी आंब्याखाली बसून रडले. "तोंड नव्हतं तुला?" मी जवळजवळ ओरडलेच. "एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

"सांगलंय असता तर तू येवक नसतंस," बाय शांतपणे म्हणाली. "मासो नाय तर तू श्रावणात खंय येतंस? ह्या वर्साच इलंस, ती गाडीसाठी."

तिचं बरोबर होतं. याआधी पन्नास वर्षांत एकाही श्रावणात मी या घरी आले नव्हते. आणि या श्रावणात तिने घावणा मागून घेतला होता, एकदा नव्हे, चारही रविवारी काही ना काही मागून घेतलं होतं, आणि मी वहीत गाडीचे गियर लिहीत बसले होते. इतकी लाज मला कुठल्याच वर्गात, कुठल्याच मुलासमोर वाटली नव्हती.

तिच्या ताटातले तिसरे मी माझ्या ताटात घेतले आणि तिला आणखी थोडा सोलकढीभात वाढला. तो तिने सावकाश, सगळा खाल्ला. निघताना दारात मी विचारलं, "मग पुढच्या रविवारी काय आणू?"

"कायएक आणू नको," ती म्हणाली. "गाडी तेवढी बरी ठेव."